आबाजींचं गोंड्याचं झाड

आमचे आबाजी माझ्याशी वर्षानुवर्षं भांडले, पण त्यातला एक शब्दही ते माझ्याशी बोलले नाहीत. सगळे शब्द त्यांनी अंगणातल्या झाडाला ऐकवले.

"अरे लेका," सकाळी ओट्यावर बसून ते झाडाला सांगायचे, "आज भाकर खालून जळाली अन् वरून कच्ची. एकाच भाकरीत दोन्ही करनारी बाई या मुलखात दुसरी नसन."

मी चुलीपुढून उठायचे, डोक्यावरचा पदर पुढे ओढायचे, दाराआड उभी राहायचे आणि त्याच झाडाला सुनवायचे, "झाडा, ज्याले भाकर चांगली पाह्यजे त्यानं लाकडं सुकी आनून द्यावी. वल्या लाकडावर धूर भाजला जाते, भाकर नाई."

झाड मान खाली घालून दोघांचंही ऐकून घ्यायचं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

हे वाचून आम्हाला कोणी वेड्यात काढेल, म्हणून सांगते. आबाजी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या किन्हीराजा गावात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यापुढे उघड्या डोक्यानं यायचं नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. गाव त्यांना आबाजी म्हणायचं, म्हणून मीही लिहिताना तेवढंच म्हणते. घरात तिसरं माणूस असलं की या रिवाजाची अडचण होत नाही. निरोप इकडून तिकडे जातात. अडचण होते ती तिसरं माणूस गेल्यावर. आबाजींची बायको माझं लग्न व्हायच्या आधीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. माझा नवराही मुलगी रांगत होती तेव्हा पटकीत गेला. राहिलो एका चुलीवर जेवणारी दोन माणसं, तोंडाला कुलूप लावून.

शेतीचं काम अडलं नाही. ज्वारी कधी कापायची, सरकी कुठून आणायची, हे गड्याकरवी चालायचं. पण भाजीत मीठ कमी आहे, पाठ दुखते, आज जीव लागत नाही, असल्या गोष्टी गड्याकडे कोण पाठवणार? त्या झाडाकडे जायच्या.

आता हे झाड आमच्या अंगणात कसं आलं, ते सांगते. त्यात सगळा दोष आबाजींच्या बैलवेडाचा आहे.

बैलांच्या शिंगांसाठी आबाजींचं नाव पंचक्रोशीत होतं. एक शिंग आभाळाकडे आणि एक कानाकडे गेलेला गोऱ्हा लोक त्यांच्या दारात आणून बांधायचे. आबाजी शिंगं तासायचे, तेल चोळायचे, मधे बांबूची पट्टी घालून अंबाडीच्या दोरीनं आवळायचे आणि रोज पट्टीची जागा थोडी थोडी सरकवायचे. पोळ्याला तोच गोऱ्हा असा मिरवायचा की मालकालाही ओळखू येऊ नये. बैलानं मान टाकलेली त्यांना खपत नसे. "मान वर!" हा त्यांचा मंत्र. तो मग बैलापुरता राहिला नाही. शाळेतून येणारी पोरं, पाण्याला चाललेल्या बाया, गाढवावर बसलेला कुंभार, सगळ्यांना "मान वर!" एकदा तर शेजारच्या मांडवात नवरी मुंडावळ्या बांधून खाली बघत उभी होती, तिला हे अंतरपाटाआडून ओरडले. नवरी दचकली, भटजी मंत्र विसरले आणि नवरीच्या आईनं आमच्या घराशी बोलणं सोडलं. ती अजून बोलत नाही. मला तिचं काही वाटत नाही, पण तिच्याकडे आमची परात आहे.

नवरा जिवंत असताना आबाजी एकदा नागपूरला शेतीचं प्रदर्शन पाहायला गेले. बैल पाहायला गेले आणि झाड घेऊन आले. तिथल्या बागेत म्हणे एक झाड होतं, अंगभर लाल गोंडे. पोळ्याला आपण बैलाच्या कपाळावर बांधतो तसे, तितकेच लाल, बोटभर लांब. आबाजी त्याच्यापुढून हलेनात. माळ्याच्या हातापाया पडून त्यांनी त्याचं रोप मिळवलं, रॉकेलच्या डब्यात लावलं आणि मूर्तिजापूरपर्यंत आगगाडीत आणि पुढे बैलगाडीत मांडीवर घेऊन आले. मी नवऱ्याकरवी आणायला सांगितलेली कढई तिथेच दुकानात राहिली.

रोप सरळ होतं तोवर आबाजी खूश होते. मग ते वाढलं आणि त्यानं फांद्या टाकल्या. बारीक पानांच्या लांब लांब फांद्या, सगळ्या जमिनीकडे. गोंडे आले तेही खाली तोंड करून. न्हाऊन आलेल्या बाईनं केस पुढे सोडावेत, तसं ते उभं राहिलं. गावातली पोरं त्याला 'रडकं' म्हणू लागली.

आबाजींचा संताप काय सांगू! माळ्यानं आपल्याला आळशी रोप दिलं, अशी त्यांची खात्री झाली. मालेगावच्या बंगल्यावर बागकाम करणारा एक माणूस एकदा आमच्याकडे बैल दाखवायला आला होता, तो म्हणाला, "आबाजी, हे झाड असंच असते."

"असंच असते म्हन्नाऱ्यानं बैल पाळू नये," आबाजी म्हणाले आणि त्याच्या बैलाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडाभोवती बांबू रोवले आणि एकेक फांदी उचलून अंबाडीच्या दोरीनं वर बांधली. शिंगांना करत तसंच. दर आठवड्याला गाठ थोडी वर. पावसाळ्यात दोऱ्या कुजायच्या, फांद्या सपकन खाली यायच्या. पोळा झाला की आबाजी पुन्हा दोरी वळायला बसायचे. असं दरवर्षी. आमच्या अंगणात झाड नव्हतं, जखमी माणूस होता, पट्ट्या बांधलेला.

मला त्या झाडाचा राग होता, आणि तो खोटा नव्हता. गोंड्यांचं लाल केसर गळून अंगणभर पसरायचं, झाडून मी मरायचे. मध प्यायला काळी बारकी पाखरं यायची, ती वाळवणावर घाण करायची. एकदा डोक्यावर दोन घागरी घेऊन मी अंगणात शिरले आणि नवी बांधलेली दोरी बरोबर गळ्याशी लागली. वरची घागर गेली. मातीची होती, नवी होती.

"झाडा!" मी ओरडले, "तुले कोनी फाशी द्याले बांधलं का मले?"

ओट्यावरून लगेच उत्तर. "लेका, डोये असून मानसं दोरीत जातात. बैल जात नाई."

"बैलाच्या डोक्यावर घागर नसते, झाडा!"

"घागर असली तरी मान वर पाह्यजे, लेका. मान वर असती तं दोरी दिसली असती."

"मान वर होती म्हनून तं गयात आली! खाली असती तं डोक्यावरून गेली असती!"

यावर आबाजींनी फुटकी खापरं कुंपणाशी नेऊन टाकली. मग झाडाला म्हणाले, "उद्या कुंभाराकडून घागर आनाची हाय. आठोन ठेवजो." घागर आली. पण दोरी तिथेच राहिली.

या भांडणांच्या आधीची, नवरा गेला तेव्हाची एक गोष्ट सांगायला हवी. दहाव्याला नात्यातल्या बाया जमल्या होत्या आणि मला शिकवत होत्या: आता खाली पाहून चालायचं, खाली पाहून बसायचं, चारचौघांत तोंड वर करायचं नाही. मी खाली पाहून ऐकत होते. अंगणातून एकदम आबाजींची गर्जना आली. "मान वर कर, लेका! कोनाची चोरी केली काय तू? वर पाह्य! वावर पाहाचं हाय, पोट्टी वाढवाची हाय, खाली पाहून काय होते?"

बाया म्हणाल्या, भावाच्या दुःखानं बिचारा झाडाशी बोलून राह्यला. मला मात्र राग आला. माणूस गेलेलं घर, आणि यांचं ओरडणं! पण मान वर झाली होती. तिथून पुढे ती खाली जायला सवड मिळाली नाही. आमचं झाडावरून बोलणं त्या दिवशी सुरू झालं.

मुलगी यमुना त्या झाडाखाली वाढली. तिला आबाजींनी चालायला शिकवलं ते "मान वर" म्हणत, आणि बोलायलाही ती तिथेच शिकली. ती बापाशिवाय वाढली खरी, पण रागवायला तिला मोठे बाबा, म्हणजे आबाजी, होते, झाड होतं आणि मी होते. रागवण्याची कमतरता आमच्या घरात कधी पडली नाही.

तिला इंझोरीचं स्थळ आलं. घर शेतीवाडीचं, मुलगा निर्व्यसनी. यमुनेनं त्याला कोणाच्या तरी लग्नात पाहिला होता आणि तो तिला पसंत होता. हे तिनं मला सांगितलं नाही. पाट्यावर मिरची वाटताना ती गाणं म्हणायला लागली, त्यावरून मला कळलं. मिरची वाटताना कोणी सुखासुखी गात नाही.

पाहुणे यायच्या आधी मी झाडाला बजावलं, "झाडा, पाहुने येऊन राह्यले. दारात असं रडकं तोंड घेऊन उभं राह्यनं बरं नाई. तुले तोडून टाकलेलं बरं."

"लेका," आबाजी म्हणाले, "तुले हात लावनाऱ्याचे हात मी बांबूले बांधीन."

ते फाल्गुनाचे दिवस. झाड नखशिखांत लाल झालेलं. छकड्यातून मुलाचे वडील उतरले आणि मुलाची आत्या. बोलणं सगळं आत्याचं. तिनं यमुनेला चालवलं, बसवलं, दात पाहिले. मग म्हणाली, "पोट्टी चांगली हाय. पन मान लय वर हाय हिची."

ओट्यावर आबाजींची छाती दोन बोटं फुगली.

जायला निघताना आत्या अंगणात थबकली. "हे कायचं झाड व माय? सुतकातल्या बाईवानी उभं हाय. दारात असं कोनी लावते?" मग तिला दोऱ्या दिसल्या. "अन् हे बांधून कोनं ठेवलं? घरातला मानूस ठीक हाय ना?"

आबाजी ओट्यावरून उठले. त्यांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. इतक्या वर्षांत या माणसानं कोणाचं एक ऐकून घेतलं नव्हतं. आता आत्याची धडगत नाही, असं मला वाटलं. पण त्यांनी यमुनेकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

आत्या म्हणाली, "लगनाच्या आंधी हे तोडा. नाई तं आमचा नवरदेव या दारात पाय ठेवनार नाई."

"मग नवरदेवाले इंझोरीतच ठेवा," मी म्हणाले.

 तेवढ्यावर मी थांबले नाही. "मानूस ठीक हाय अन् झाडही ठीक हाय. दार आमचं हाय. तोडाचं का ठेवाचं, ते आमी पाहू. तुमी छकडा वळवा, ऊन चढून राह्यलं."

त्या झाडाला तोडा म्हणून मी किती वर्षं कंठशोष केला होता, ते गावाला ठाऊक होतं. पण परक्या बाईनं आमच्या अंगणात उभं राहून आमच्या झाडाला नावं ठेवावीत? नावं ठेवायला मी होते. आणि आमच्या आबाजींना वेडं ठरवायचं असेल तर त्यालाही मी होते. छकडा गेला. मी रागानं घागरी घासायला बसले आणि घासून घासून एकीचा पोचा वाढवला.

संध्याकाळी पाहते तर यमुना झाडाच्या बुंध्याशी उभी. मान खाली. आबाजी गोठ्यातून आले, तिच्या अगदी जवळून गेले, आणि "मान वर" म्हणाले नाहीत. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी घागरीवर चिडलेली होते.

मग त्यांनी एकेक दोरी सोडायला सुरुवात केली. सगळ्या दोऱ्या, सगळे बांबू. फांद्या मोकळ्या होऊन खाली आल्या, जमिनीला टेकल्या, आणि लाल पडदा सोडावा तसं झाड चारी बाजूंनी पुरं झालं. इतकी वर्षं अंगणात असून मोठं झाल्यावर, भर बहरात, मी ते असं मोकळं पाहिलंच नव्हतं. आमच्याकडच्या कोणीच पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आत्याला खिजवायला यांनी मुद्दाम सोडलं. मनात म्हटलं, चांगलं केलं.

सकाळी कुऱ्हाडीच्या आवाजानं मी उठले. बाहेर येईपर्यंत झाड आडवं झालं होतं. आबाजी फांद्या ओढून कुंपणाशी नेत होते. अंगावर, धोतरावर, मिशीत लाल केसर.

मी इतकी चिडले की मला झाडाशी बोलायचं होतं. झाड कुंपणाशी पडलं होतं.

आबाजींनी गड्याकडून इंझोरीला झाड तोडल्याचा निरोप पाठवला. मला पाठवला नाही. कसा पाठवणार?

वैशाखात लग्न झालं. आत्या मांडवात बरोबर झाडाच्या खुंटापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "पाहा बरं, उजेड किती आला!" मी तिच्या पत्रावळीवर एकही गरम पुरी जाऊ दिली नाही. मुलगी निघाली तेव्हा रिवाजाप्रमाणे रडली, मान खाली घालून. छकडा हलला आणि मागून आबाजी ओरडले, "यमुने, मान वर!" पुढे श्रावणापर्यंत तेच त्यांचं शेवटचं मोठ्यानं बोलणं.

त्यानंतर घरात जी शांतता पडली, तिचा मला जितका संताप आला तितका भांडणाचा कधी आला नव्हता. भाकर जळाली, गप्प. वरण पातळ झालं, गप्प. एकदा मी चिडून भाजीत मीठच टाकलं नाही. ताट चाटून पुसून परत आलं. गोठ्यात बैल होता, समोर भिंत होती, बोलायचं असतं तर कशाशीही बोलता आलं असतं. पण हा माणूस असा, की एकदा एका झाडाशी बोलायची सवय लागली ती दुसऱ्याजवळ मोडणार नाही. ओट्यावर बसून खुंटाकडे पाहत राहायचे. गोऱ्हे आले तर परत पाठवायचे. आणि मान, त्यांची स्वतःची मान, छातीवर.

श्रावणात मी पाहिलं की भर दुपारी ते घोंगडी पांघरून बसलेत. भाकर ताटात तशीच.  माझं डोकं फिरलं. मी पदर ओढला, तरातरा अंगणात गेले आणि खुंटापुढे उभी राहिले. पावसानं त्याला बुंध्याशी कोंब फुटले होते, वीतभर, अगदी ताठ.

"खुटा," मी म्हणाले, "घरात कोनी आजारी असन तं सांगाचं असते. मले काय सपन पडते? मेल्यावर कळवाचं ठरलं असन तं तसं सांग, म्हंजे मी बसते वाट पाहत!"

 पावसाची सर येऊन गेली. मी तिथेच भिजत उभी. हटायचं नाही, असं ठरवलं होतं.

मग घोंगडीतून आवाज आला. न वापरून जुना झालेला.

"ताप हाय, लेका. लय दिसापासून हाय. पन सांगू कोनाले?"

मी घरात आले. गवती चहा, सुंठ, तुळस टाकून काढा उकळला. खुंट वरून सपाट होता. त्यावर पेला ठेवला आणि दाराआड गेले. आबाजी उठून आले, पेला उचलला, एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की मला आडूनही दिसलं.

"अरे लेका!" ते कोंबांवर ओरडले, "यात गूळ टाकाले काय कोनाच्या बापाचं जात होतं?"

गूळ घरात होता, फडताळात समोरच होता. दुसऱ्या दिवशीही मी काढ्यात तो टाकला नाही.